वेंगुर्ल्याचं भाडं परवडेल, पॉलिसी नाही

प्रश्न: आम्ही डोंबिवलीचे. आईबाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं असे सहा जण 3 ते 10 मे वेंगुर्ल्याला जातोय. स्वयंपाकघरासकट एक घर रोजच्या 5,000 रुपयांत मिळतंय. हॉटेलच्या तीन खोल्यांना रोजचे 9,000 पडतात. घर घेऊन रांधून खाल्लं तर खरंच स्वस्त पडेल का? खर्चाची तशी चिंता नाही. नुकतीच पाच लाखांची एफडी पिकली. त्यातले दीड लाख बँकेच्या मॅनेजरने एका गॅरंटीड विमा प्लॅनमध्ये एकदाच भरायला लावले. करही वाचतो म्हणाले. वीस वर्षं दरवर्षी 30,000 येतील आणि शेवटी 20 लाख. दर मे महिन्याचं कोकण त्यातूनच होईल. प्लॅनचे कागद सोबत जोडले आहेत.

उत्तर: घर घ्या. सात रात्रींचे 35,000 विरुद्ध 63,000, म्हणजे 28 हजार इथेच वाचले. वाणसामान, मासळी आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचे पैसे धरून जेवणावरही हॉटेलपेक्षा पाच-सात हजार कमी जातील. मावशी मी धरल्या आहेत, तुमच्या हिशेबात त्या नव्हत्या. तुमची आई आणि बायको सात दिवस ओट्याशी उभ्या राहणार असतील, तर ती सुट्टी फक्त तुमची. बंदरावर मासळी घेतानाच साफ करून मागा. घरमालकाला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: सिलिंडर भरलेला आहे का, एसीची वीज भाड्यात की मीटरप्रमाणे, आणि विळीला खवणी आहे का. तिसरी चेष्टा वाटेल, पण रोज नारळ लागणार आहे.

आता पॉलिसी. हे उत्तर तुम्हाला मेलवर आधीच पाठवलं आहे, कारण इथे छापून येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं.

तुम्ही लिहिता ‘एकदाच भरले’. तुम्हीच जोडलेल्या बेनिफिट इलस्ट्रेशनवर (किती भरायचं आणि किती मिळणार याचा तक्ता), तुमच्या सहीच्या चार ओळी वर, हप्ते भरण्याची मुदत 10 वर्षं लिहिली आहे. दीड लाख एकदा नाही, दहा वेळा. एकूण 15 लाख. दीड लाखावर दरवर्षी 30 हजार म्हणजे 20 टक्के झाले, वर मुद्दल तेरापट होऊन परत! असं कोण देतं, हा प्रश्न सही करण्यापूर्वी पडायला हवा होता. मॅनेजरने काय सांगितलं ते मी ऐकलेलं नाही, पण ‘एकदाच’ हा शब्द तुमच्या डोक्यात आपोआप आलेला नसणार.

खरा हिशेब असा. पहिली दहा वर्षं मिळणारे 30 हजार हे तुमच्याच दीड लाखातून परत केलेले पैसे आहेत. सगळी आवक-जावक मांडली तर परतावा साडेचार टक्क्यांच्या आत बसतो. त्याऐवजी दरवर्षी 30 हजार कोकणासाठी बाजूला काढून उरलेले 1 लाख 20 हजार दहा वर्षं पीपीएफमध्ये टाका. पुढची दहा वर्षं त्यातूनच 30-30 हजार काढत राहा, खातं चालू राहण्यापुरते वर्षाचे 500 भरा. आजच्या 7.1 टक्क्यांनी विसाव्या वर्षी 30 लाखांच्या आसपास उरतात, 20 नाही. दर बदलू शकतो, मान्य. पण साडेचारच्या खाली जायला त्याला बरंच घसरावं लागेल. शिवाय महागाई सहा टक्के धरली, तर विसाव्या वर्षीच्या त्या 30 हजारांची किंमत आजच्या दहा हजारांपेक्षा कमी. तेवढ्यात सहा जणांचं वेंगुर्लं होत नाही, आजही नाही.

‘करही वाचतो’ असं सांगितलं गेलं म्हणता. तुम्ही नव्या कररचनेत आहात. तिथे 80सीची करसवलत नाहीच.

सुटका अजून शक्य आहे. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून 30 दिवसांत ती रद्द करता येते. याला फ्री-लुक म्हणतात. तुम्हाला ती 9 एप्रिलला ईमेलने आली, आणि ईमेलही धरला जातो. कुरिअरचं पाकीट नंतर आलं म्हणून दिवस वाढत नाहीत. मुदत मेच्या पहिल्या आठवड्यानंतर लगेच संपते, म्हणजे तुम्ही किनाऱ्यावर असताना. त्यामुळे रद्द करण्याचा अर्ज सहलीला निघण्यापूर्वी, याच आठवड्यात द्या. तो विमा कंपनीला द्या, मॅनेजरला नव्हे. कंपनीच्या शाखेत देऊन पोच घ्या आणि ईमेलही करा. कारण एका ओळीत पुरे: एकरकमी म्हणून विकली, प्रत्यक्षात दहा वर्षांची आहे. स्टॅम्प ड्यूटी, त्या दिवसांचा विम्याचा खर्च आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचे पैसे कापून बाकी रक्कम परत येते. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा. त्यापुढे विमा लोकपाल आहेत, तिथे वकील लागत नाही आणि फीही नाही.

मॅनेजरचा फोन येईल. ‘सर, रद्द कशाला, दुसऱ्या प्लॅनमध्ये बदलून देतो’ म्हणेल. तोंडी काहीच मान्य करू नका. पैसे आधी तुमच्या खात्यात येऊ द्या.

ते आले की सहलीचे साठ-सत्तर हजार वेगळे काढा. सहा महिन्यांचा घरखर्च आणि घरकर्जाचे हप्ते भागतील एवढे पुन्हा एफडीत ठेवा. तुमच्या पाच लाखांत तेवढंच जेमतेम बसतं. घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालतं आणि या पॉलिसीतलं विमासंरक्षण फक्त 15 लाखांचं होतं. घरकर्जच 24 लाखांचं बाकी आहे. निदान एक कोटीचा साधा टर्म विमा घ्या, ज्यात शेवटी काहीही परत मिळत नाही असा. वैद्यकीय तपासणीची तारीख वेंगुर्ल्याहून परतल्यानंतरची घ्या.