बोटाखालून सटकणारी गाठ

प्रश्न: डॉक्टर, माझं वय 47. मानेच्या मागे, केस संपतात त्याच्या जरा खाली, एक मऊ गाठ आहे. पाच-सहा वर्षं तरी झाली, आधी सुपारीएवढी होती आता लिंबाएवढी झालीय, दुखत अजिबात नाही. मेव्हणा म्हणाला चरबीच आहे, वजन उतरव म्हणजे विरघळेल, म्हणून चार किलो कमी केलं, रोज गरम तेलाने चोळतोय पण, गाठ जिथल्या तिथे. कॅन्सर तर नसेल ना?

उत्तर: आधी ते चोळणं बंद करा. तुम्ही सांगताय त्यावरून ही लायपोमा, म्हणजे चरबीच्या पेशींची साधी गाठ वाटते, आणि डोकं-मान या भागात ती सगळ्यात जास्त मानेच्या मागेच सापडते, तीही बहुधा चाळिशी-पन्नाशीत. तिच्याभोवती पातळ पिशवीसारखं आवरण असतं. आतली चरबी दिसायला पोटावरच्या चरबीसारखीच, पण बारीक होताना शरीर तिला हात लावत नाही, त्यामुळे चार काय चौदा किलो उतरवलेत तरी ती तशीच राहणार (वजन कमी केलंत ते चांगलंच केलंत, ते वेगळं).

गाठीच्या कडेला बोट दाबून बघा, खालून सुळकन सटकली तर लायपोमाची शक्यता वाढते. कातडी गाठीला चिकटलेली असेल आणि मधोमध काळा ठिपका दिसत असेल तर ती दुसरी गाठ, सिस्ट, म्हणजे कातडीतच तयार झालेली, आत घट्टसर मळ साचलेली पिशवी. ती चोळली-पिळली की आतल्या आत फुटते, लाल होते, ठणकते, म्हणून तर तेल बंद म्हटलं.

कॅन्सरचं म्हणाल तर चरबीचा कॅन्सर असतो, पण मानेत फार क्वचित, आणि साधी लायपोमा पुढे कॅन्सर होते असं सहसा होत नाही. तरी गाठ भराभर वाढली, कडक लागली, हलेनाशी झाली, दुखायला लागली किंवा 5 सेंटीमीटरच्या वर गेली तर थांबू नका. तुमची लिंबाएवढी म्हणताय, म्हणजे मोजूनच घ्या, आणि एकदा सोनोग्राफी कराच. गाठ खोल असेल तर एमआरआय लागतो. काढायची ठरली तर बहुतेक वेळा जागेवर भूल देऊन निघते, आवरणासकट पूर्ण निघाली तर परत येणं कमीच, स्नायूत शिरलेली मात्र पुन्हा उगवू शकते. मानेच्या बाजूची असेल तर सर्जन जपून काम करतात कारण तिथून खांदा उचलायची नस जाते. काढलेली गाठ तपासणीला पाठवायचीच, हे आपणहून सांगा.

प्रश्न: माझ्या कपाळावरची गाठ चांगली टणक आहे, हलतही नाही. हाड वाढलंय का? वर सांगितलेलं काहीच जुळत नाही.

उत्तर: कपाळावरची लायपोमा फसवते बघा! ती बरेचदा भुवया उचलणाऱ्या स्नायूच्या खाली बसलेली असते, वर स्नायू ताणलेला, खाली हाड, मग मऊ चरबीसुद्धा बोटाला घट्ट लागते आणि सटकतही नाही. खरंच हाडाची गाठ असू शकते, त्यामुळे नुसत्या हाताने सांगता येणार नाही, सोनोग्राफी, गरज पडली तर सीटी. लायपोमा निघाली आणि काढायची असेल तर छेद कपाळाच्या सुरकुतीतच घेतात, वण सुरकुतीत लपतो.