ताऱ्याचे परिभ्रमण ‘कमी’ होते की परिवलन ‘मंदावते’?

साताऱ्याच्या एका शिक्षिकेने शाळेतील विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावरचे वाक्य पाठवून ते बरोबर आहे का, असे विचारले आहे: ‘वय वाढते तसे थंड ताऱ्यांचे परिभ्रमण कमी होते.’

पहिला दोष सरळ आहे. मळणीच्या खळ्यात बैल मेढीभोवती फिरतात ते परिभ्रमण. जात्याचा वरचा दगड जागच्या जागी फिरतो ते परिवलन. तारा येथे स्वतःच्या आसाभोवती फिरत असल्यामुळे ‘परिवलन’च हवे.

‘कमी होते’ मला अधिक खटकते. कमी होतो तो वेग. एका फेरीला लागणारा काळ उलट वाढतो. खगोलशास्त्रज्ञ स्कुमानिच यांनी १९७२ मध्ये कृत्तिका, रोहिणीजवळचा तारकागुच्छ आणि सूर्य यांची तुलना करून दाखवले, की हा वेग वयाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे वय चौपट झाले की वेग निम्मा आणि परिवलनकाळ दुप्पट. सुमारे ४६० कोटी वर्षे वयाच्या सूर्याला आज विषुववृत्तापाशी एका फेरीस साधारण २५ दिवस लागतात. अशा ठिकाणी ‘मंदावणे’ हे आपले घरचे क्रियापद चपखल बसते.

मंदावण्याचे कारण असे, की ताऱ्यातून सुटणारा विद्युतभारित कणांचा वारा चुंबकीय क्षेत्रात अडकून बऱ्याच अंतरापर्यंत ताऱ्याबरोबर ओढला जातो आणि सुटताना ताऱ्याचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, थोडाथोडा घेऊन जातो. यास काहीजण ‘चुंबकीय गतिरोध’ म्हणतील. पण गतिरोधक म्हटले की आपल्याला रस्त्यावरचा दणका आठवतो, आणि ही क्रिया तर कोट्यवधी वर्षे सावकाश चालते. पाठ्यपुस्तकातले ‘मंदन’ बरे.

राहिला ‘थंड’. या ताऱ्यांचे पृष्ठतापमान साधारण ६,००० अंश सेल्सिअसपर्यंत असते, आणि सूर्यही त्यांतलाच. त्यांच्या बाहेरच्या थरात अभिसरण, म्हणजे तापलेला वायू वर येणे आणि निवलेला खाली जाणे, चालते व त्यातून चुंबकीय क्षेत्र पोसले जाते. याहून तप्त ताऱ्यांत तो थर अगदी पातळ असल्याने ते म्हातारपणीही भराभर फिरतात. म्हणून शब्द निरर्थक नाही, पण माठातल्या पाण्यालाही आपण थंडच म्हणतो. ‘शीत’ लिहून ही अडचण संस्कृतात जाते, सुटत नाही.

फलकावर असे लिहावे: ‘वय वाढते तसे सूर्यासारख्या, तुलनेने थंड ताऱ्यांचे परिवलन मंदावते.’