एसव्हीटीचं इंजेक्शन देताना हृदय खरंच थांबवतात का?

तुमच्या आईंना एसव्हीटीसाठी, म्हणजे हृदय अचानक फार वेगाने धडधडू लागण्याच्या त्रासासाठी, इंजेक्शन दिलं, त्यावरून तुम्ही हे विचारलंय. थांबवतात, पण काही सेकंदांपुरतंच. ते इंजेक्शन बहुतेक अ‍ॅडेनोसिन असावं. एसव्हीटीत विजेचा संदेश बऱ्याचदा एव्ही नोडमधून (हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे संदेश नेणाऱ्या गाठीतून) गोल गोल फिरत राहतो आणि ठोके मिनिटाला १८०-२०० वर जातात. अ‍ॅडेनोसिन तो नोड क्षणभर बंद पाडतं. चक्र तुटलं की हृदय आपली नेहमीची लय पकडतं.

हे औषध रक्तात १० सेकंदही धड टिकत नाही. म्हणून कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून ६ मिग्रॅ झटक्यात देतात आणि लगेच मागून २० मिली सलाइन ढकलतात. हळू दिलं तर हृदयापर्यंत पोचायच्या आतच संपतं. मिनिट-दोन मिनिटांत फरक पडला नाही तर १२ मिग्रॅ. तोवर ईसीजीची पट्टी चालूच असते. तिच्यावर मध्येच सरळ रेष येते, ती पाहून नातेवाईक हादरतात.

पेशंटला त्या वेळी छाती दाबल्यासारखी वाटते, चेहरा लाल होतो, 'आता मी जाणार' असंही वाटतं. हे आधी सांगून ठेवायलाच हवं; घाईत ते राहून जातं.

दमा असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, श्वासनलिका आवळू शकतात. थिओफिलिनच्या (दम्यावरच्या) गोळ्या किंवा नुकताच घेतलेला चहा-कॉफी यांनी असर कमी होतो. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) मात्र याने बरं होत नाही. आणि बीपी फारच खाली गेलं असेल, तर इंजेक्शनऐवजी सरळ शॉक देण्याची वेळ येऊ शकते.