त्या रात्री तू कुठं बसला होतास?

ताई, मी ३१ वर्षांची, नाशिकला राहते. गेल्या वर्षी राखीपौर्णिमेच्या आदल्या रात्री पोटात असह्य कळ येऊन मी मोरीतच कोसळले. सातवा आठवडा चालू होता. गर्भ गर्भाशयात न राहता बीजनळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. रात्रीच ऑपरेशन करून उजवी नळी काढली. नर्सनं काढून दिलेलं मंगळसूत्र नवऱ्यानं शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सलाइन लावलेल्या हातानं मी भावाला राखी बांधली. सगळे म्हणाले, 'जीव वाचला, देवाची कृपा.' पण अजून पोटात जरा दुखलं की मला घाम फुटतो. जावेच्या डोहाळजेवणाला डोकं दुखतंय सांगून गेले नाही. सासूबाई म्हणतात, 'गाठ होती समज.' विषय काढला की नवरा उठून जातो. त्याच आठवड्यात मी पपई खाल्ली होती, स्कूटर चालवली होती. माझंच चुकलं का?

*

आधी ती पपई आणि स्कूटर निकालात काढू. गर्भ रुजतो तो पाळी चुकायच्याही आधी. तू पपईची फोड तोंडात टाकलीस तेव्हा तो नळीत रुजून तीन-चार आठवडे झाले होते. जुना संसर्ग, नळीवरची आधीची शस्त्रक्रिया, धूम्रपान अशी काही कारणं सापडतात. पण साधारण निम्म्या बायकांत यातलं काहीच नसतं. आणि नळीतून उचलून गर्भाशयात ठेवता येईल असं तंत्र कुठल्याही डॉक्टरकडं नाही. त्याला वाचवायची वाट तुझ्याकडं नव्हती, त्यांच्याकडंही नव्हती.

आता त्या 'जीव वाचला'बद्दल. लोक हे वाईट मनानं म्हणत नाहीत, तरी मला त्याचा राग येतो. गर्भपात झालेल्या बाईला निदान चार दिवस रडू देतात. अपघातातून उठलेल्याला कुणीतरी विचारतं, भीती वाटली का? तुझ्यावर एकाच रात्री दोन्ही कोसळलं आणि दोन्हीकडून तुला कुणी विचारलं नाही. म्हणून वर्ष झालं तरी ते तिथंच अडकलंय. लंडनमधल्या तीन रुग्णालयांत गर्भपात किंवा नळीतला गर्भ यातून गेलेल्या बायकांचा अभ्यास झाला, २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांनंतरही त्यांतल्या साधारण १८ टक्के जणींत आघातानंतरच्या तणावाची लक्षणं होती. तुझा तो घाम त्यातलाच. यावर समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ मदत करतात. दाराशी जायचं धाडस होत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर फिरव. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांनीही कधी काही 'गाठ' म्हणून गिळलं असेल, कुणास ठाऊक. पण तू त्याला बाळ म्हण. ते कितव्या आठवड्यात होतं, कुठं होतं, यावर दुःखाचं माप ठरत नाही. डोहाळजेवणाला गेली नाहीस, बरं केलंस. जाऊ एकटी असेल तेव्हा जा आणि डोकं दुखत नव्हतं एवढं तिला खरं सांग.

पुढच्या वेळची भीती खोटी नाही. एकदा असं झालं की पुन्हा होण्याची शक्यता साधारण १० टक्के असते. म्हणजे शंभरातल्या नव्वद जणींना ते पुन्हा होत नाही, आणि एका नळीवरही दिवस राहतात. भीतीला एक नियम लावून टाक: पाळी चुकली की घरी चाचणी, पॉझिटिव्ह आली की लगेच डॉक्टर, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सोनोग्राफी. पाळी चुकलेली असताना पोटात कळ आली, रक्त दिसलं, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाशी दुखलं तर सकाळ उजाडायची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. एरवीच्या कळेला मात्र एवढा मान देऊ नकोस.

राहिला नवरा. त्याला बाळ नकोय, असा अर्थ तू काढला असशील. मला तुझ्या पत्रातलं एकच वाक्य दिसतंय, शर्टाच्या खिशातलं मंगळसूत्र. तू तर भुलीखाली होतीस. बायकोचं मंगळसूत्र खिशात घेऊन तो माणूस बंद दाराबाहेर किती वेळ होता, हे त्यानं कुणाला सांगितलंय का? पुन्हा चान्स घेण्याचा विषय सध्या बाजूला ठेव. रात्री जेवणं आवरली की एवढंच विचार, 'मला आत नेल्यावर तू कुठं बसला होतास?'

आणि तो उठून गेला, तर त्या दिवशी जाऊ दे. दोन दिवसांनी पुन्हा विचार.