वैमानिक किंवा मेकॅनिक चुकला तर त्याला कडक शिक्षा केल्याने विमान अपघात थांबतील का?

माझ्या मते नाही. नियम मुद्दाम धाब्यावर बसवणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण मनापासून काम करताना चुकलेल्याला फासावर चढवलंत, तर पुढचा माणूस चूक सांगणारच नाही. मी बरीच वर्षं विमानांच्या देखभालीत होतो, आता मालवणात बोटींची इंजिनं बघतो, म्हणून सांगतो.

१० जून १९९० रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालेल्या विमानाची कॅप्टनसमोरची काच सतरा हजार फुटांवर उडाली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं आणि सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा!

ती काच उड्डाणाच्या जेमतेम २७ तास आधी बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट ०.०२६ इंचाने बारीक होते. बसवणारा कामचुकार नव्हता. रात्रपाळीला माणसं कमी, म्हणून शिफ्टच्या प्रमुखाने पहाटे स्वतःच काम अंगावर घेतलं. अंधुक उजेडात जुना बोल्ट नव्याशी ताडून नजरेनेच निवडला. शिवाय ते काम दुसऱ्याने तपासायलाच हवं, असा नियम तेव्हा नव्हता. त्या एकाला काढून टाकलं असतं तरी तो अंधार, ती अपुरी माणसं आणि न झालेली तपासणी तिथेच राहिली असती. चौकशीत हे सगळं खणून काढलं, म्हणून आम्हा पुढच्यांना शिकता आलं.

०.०२६ इंच म्हणजे पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी. अर्धा इंची आणि बारा एमएमच्या बोल्टमध्येही साधारण तेवढाच फरक असतो. मासेमारी बंदी संपायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडचा पोरगा इंजिनाच्या पायाचे बोल्ट आवळत होता. मध्येच थांबून म्हणाला, "काका, ह्यो बोल्ट सैल लागता." अर्धा इंचीच्या जागी बारा एमएमचा होता, आणि तो मीच लावला होता. बोटीचा तांडेल, म्हणजे प्रमुख खलाशी, वर घाई करत होता. तरी आम्ही सगळे बोल्ट काढून कॅलिपरने मोजले, आणखी दोन तसेच निघाले.

त्याच रात्री इंची बोल्टांचा डबा वेगळा करून लाल रंगवला. आता मी लावलेले बोल्ट तो पोरगा तपासतो आणि त्याने लावलेले मी.