तुमचे प्रश्न: दिल्लीच्या सीमेवरचं वर्ष आणि आपला मोंढा

प्रश्न: नमस्कार ताई. आमच्या गावात गणपतीत पोरांनी पडदा लावून दिल्लीच्या शेतकरी आंदोलनावरची डॉक्युमेंटरी दाखवली. संपल्यावर आमची आई म्हणली, हे लोक वर्षभर घर सोडून रस्त्यावर बसले अन् आपण हमीभावाच्या खाली सोयाबीन इकून गुमान घरी येतोत, असं काहून? मला काही बोलता आलं नाही. आपल्यात दम नाही का?
– एक वाचक, पूर्णा, जि. परभणी

उत्तर: दादा, दम नाही हे आधी डोक्यातून काढा. 1 जून 2017 ला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप पेटला आणि त्याच महिन्यात सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली, पुढच्या वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत 180 किलोमीटर लोक चालत गेले, जास्त करून आदिवासी, पायाची सालटी निघालेली. ही आपलीच माणसं.

आईंचा प्रश्न मात्र एकदम बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. पंजाबात गहू आणि भात बहुतेक सगळा मंडीत सरकार हमीभावानं घेतं, आडत्याकडूनच अडीनडीला पैसे मिळतात. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्राचे तीन कृषी कायदे आले, मंडीच्या बाहेर टॅक्स न भरता खरेदी करायची मोकळीक मिळाली, तेव्हा त्यांनी पुढचं ओळखलं, की व्यापार बाहेर गेला की मंडी मरणार आणि तिच्यासोबत हमीभावाची खरेदीही जाणार. म्हणजे हातात असलेलं जाणार होतं. आपल्याला ते कधी नीट मिळालंच नाही हो. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये आणि मोंढ्यात बोली त्याच्या कितीतरी खाली, सरकारी केंद्रावर जावं तर 12 टक्क्यांच्या वर ओलावा म्हणून माल परत, नोव्हेंबरात ती अट 15 टक्के केली पण तोवर दिवाळीसाठी ज्याला पैसा लागत होता त्यानं कट्टे कधीच घालून टाकले होते. हातातलं ओढून घेतलं तर सगळं गाव एकदम उठतं, जे मिळालंच नाही त्यासाठी जो तो आपापल्या घरी कुढत बसतो.

दुसरी गोष्ट तयारीची, आणि डॉक्युमेंटरीचं खरं सोनं मला इथंच वाटतं. टीव्हीवर आपण 26 जानेवारी 2021 ला लाल किल्ल्यात घुसलेले आंदोलक पाहिले, पण दिल्लीच्या सीमेवर सिंघू, टिकरी, गाझीपूरला रोज पहाटे कणीक कोण मळत होतं, थंडीच्या पावसात भिजलेल्या गाद्या कुठं वाळवल्या, हे बातम्यांत कुठं होतं? 2020 च्या जूनमध्ये या कायद्यांचे अध्यादेश निघाले तेव्हापासून संघटना गावोगाव बसत होत्या, ऑक्टोबरात रेल्वे रुळांवर बसल्या, आणि नोव्हेंबरच्या शेवटी ट्रॉल्यांत सहा महिन्यांचा शिधा भरून दिल्लीकडं निघाल्या. गावात पाळ्या ठरलेल्या. काही जण सीमेवर, बाकीचे त्यांचं रान बघायचे. बठिंडा जिल्ह्यातल्या एका पंचायतीनं तर ज्या घरातून कुणी जाणार नाही त्याला 1500 रुपये दंड लावला होता.

आता आपल्याकडं बघा. नोव्हेंबरात ते दिल्लीला निघाले, आणि त्याच महिन्यात बीडपासून इकडं आपल्या कितीतरी वाड्या-तांड्यांना कुलूप, ऊसतोडीची उचल घेतलेली, कोयता फडात. पाळी लावायला गावात माणूस तर पाहिजे! हे सांगताना मला खूप वाईट वाटतं, पण आईंना हे सांगाच, कारण त्या स्वतःला आणि तुम्हाला उगाच कमी समजतील.

आणि हेही सांगा की ती लढाई पूर्ण जिंकली असं नाही. 19 नोव्हेंबर 2021 ला कायदे मागं घेतो अशी घोषणा झाली, 29 ला संसदेत रद्द झाले, 11 डिसेंबरला लोक घरी निघाले. आंदोलन चालवणाऱ्या संयुक्त किसान मोर्चाच्या म्हणण्यानुसार तोवर 700 च्या वर माणसं दगावली होती. पण हमीभावाला कायद्याचा आधार ही मागणी राहिलीच, आणि आईंच्या सोयाबीनला नेमका तोच पाहिजे.

प्रश्न: अशा डॉक्युमेंटऱ्या एकतर्फी असतात ना? आम्ही शाळेत दाखवावी का?
– एक शिक्षिका, उदगीर

उत्तर: दाखवा. कॅमेरा आंदोलकांसोबत राहिला तर त्यांचीच बाजू जास्त दिसणार, त्यात लपवण्यासारखं काही नाही. याच आंदोलनावरच्या निष्ठा जैन यांच्या ‘फार्मिंग द रिव्होल्यूशन’ला 2024 मध्ये टोरांटोच्या हॉट डॉक्समध्ये सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय माहितीपटाचा पुरस्कार मिळाला, पण पुरस्कार आहे म्हणून दाखवू नका. मुलांना एक विचारा, पंजाबात जवळपास 32 टक्के लोक दलित आहेत आणि त्यांच्याकडं जमीन अगदी थोडी, मग ‘शेतकरी’ म्हणताना पडद्यावर मजूर किती वेळ दिसला? तुमच्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं असतील तर त्यांना आधी बोलू द्या.