नाटकाच्या तालमीसाठी पहिला डीएसएलआर: ३० हजारांत काय घ्यावं?

तुमची अडचण मला अशी समजली: हौशी नाट्यसंस्थेत बॅकस्टेज सांभाळता, तालमींचे आणि राज्य नाट्य स्पर्धेतल्या प्रयोगाचे फोटो काढायचे आहेत, फोनवर चेहरे पुसट आणि हललेले येतात, हातात ३० हजार आहेत, आणि आरशाच्या डीएसएलआरऐवजी बिनआरशाचा मिररलेस घ्यावा का, हाही प्रश्न आहे. दुकानदार म्हणतोय, उरलेले हप्त्यावर घाला आणि नवा कॅमेरा, दोन लेन्स, वर बॅग आणि ट्रायपॉड असा संच घेऊन जा.

तो संच घेऊ नका. वापरलेली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्या, आणि बजेटचा साधारण एक-तृतीयांश भाग मोठ्या अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र मोठं उघडणाऱ्या, एका प्राईम (झूम न होणाऱ्या) लेन्ससाठी बाजूला ठेवा. रंगमंचावरचा फोटो जमतो की फसतो हे या लेन्सवर ठरतं, म्हणून बॉडीआधी लेन्सबद्दलच लिहितो.

किट म्हणून मिळणारी १८-५५ लेन्स ५५ मिमीला नेली की तिचं अ‍ॅपर्चर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). त्याच जागी ५० मिमी एफ १.८ ची प्राईम जवळजवळ साडेनऊ पट प्रकाश आत घेते. म्हणजे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० ठेवून किट लेन्स जिथे १/२० सेकंदाचा शटर मागेल, तिथे प्राईमवर जवळपास १/२०० मिळतो. १/२० ला नटाने नुसती मान वळवली तरी चेहरा पुसला जातो. लेन्सवर व्हीआर किंवा आयएस लिहिलेलं असलं तरी त्याचा इथे उपयोग नाही, कारण ते तुमच्या हाताची थरथर थांबवतं, समोरच्या नटाची हालचाल नाही. दुकानदाराच्या संचातली दुसरी लांब लेन्स तर टोकाला एफ ५.६ किंवा ६.३ वर जाते. तळ्यावरच्या पक्ष्यांना दिवसाउजेडी ती ठीक आहे. दोन स्पॉट आणि चार पार दिवे लावलेल्या प्रवेशात तिच्याकडून काही मिळणार नाही.

आता कोणती प्राईम? छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे दृश्य आवळलं जातं: निकॉनवर दीड पट, कॅननवर १.६ पट. ५० मिमी कॅननवर ८० मिमीसारखी दिसते. तिसऱ्या-चौथ्या रांगेतून एका पात्राला पकडायला छान, पण शाळेच्या वर्गात किंवा कुणाच्या गच्चीवर तालीम चालली असेल तर भिंतीला पाठ टेकवूनही तिघं फ्रेममध्ये मावत नाहीत. तुमचं काम मुख्यतः तालमीचं आहे, म्हणून तुम्हाला जास्त रुंद दृश्य घेणारी ३५ मिमी हवी. आणि इथेच माझा कौल निकॉनकडे झुकतो. निकॉनची एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ १.८जी ही २००९ ची लेन्स छोटी, हलकी आणि परवडणारी आहे, वापरलेली सहज मिळते. कॅननकडे लहान सेन्सरसाठी अशी स्वस्त ३५ एफ १.८ नाही. ईएफ-एस २४ मिमी एफ २.८ एसटीएम चांगली आहे, पण एफ १.८ च्या मानाने प्रकाश अडीच पट कमी. कॅननची स्वस्त आणि उत्तम लेन्स म्हणजे ५० मिमी एफ १.८ एसटीएम. तुमचं काम प्रेक्षागृहातून चेहरे टिपण्याचं असतं, तर मी बिनदिक्कत कॅननच सुचवला असता.

बॉडी माझ्या मते निकॉन डी५३००. २०१३ चं मॉडेल आहे, म्हणून नाक मुरडू नका. २४ मेगापिक्सेलचा सेन्सर, ३९ फोकस पॉइंट, बाहेर उघडून फिरवता येणारा स्क्रीन. विंगेत खाली बसून कॅमेरा जमिनीलगत धरता तेव्हा त्या स्क्रीनची किंमत कळते. डी५६०० त्याच घराण्यातला २०१६ चा. चांगल्या अवस्थेतला त्याच भावाच्या आसपास मिळाला तर तो घ्या. डी३५०० (२०१८) फार हलका, बॅटरी मात्र दिवसच्या दिवस टिकते. पण फोकस पॉइंट ११ आणि स्क्रीन घट्ट बसवलेला. कॅननच घ्यायचा असेल तर २००डी पाहा, त्याचा लाइव्ह व्ह्यूमधला (स्क्रीनवर पाहून फोटो काढतानाचा) फोकस या सगळ्यांत सरस आहे. ३०००डी मी कुणालाच सुचवत नाही: १८ मेगापिक्सेल, लहान स्क्रीन आणि लेन्स बसते ती कडीसुद्धा प्लास्टिकची.

निकॉन घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. त्यामुळे 'निकॉनची ५० एफ १.८ स्वस्तात देतो' असं कुणी म्हणालं, तर लेन्सवरची अक्षरं वाचा. ५० मिमी एफ १.८डी असेल तर या बॉडीवर फोकस हातानेच करावा लागेल. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी हवं. त्यातही एएफ-पी लेन्स डी३२००, डी५१०० आणि त्यांच्या आधीच्या बॉडींवर फोकस करत नाहीत. डी५३०० वर करतात, फक्त फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत लागतं. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्समध्ये मोटर आतच असते, तिथे ही भानगड नाही.

मिररलेसबद्दल विचारलंत. खरं आहे, २०२० नंतर कॅनन आणि निकॉन दोघांनीही नवा डीएसएलआर आणलेला नाही. पण म्हणूनच चांगल्या बॉडी आणि लेन्स आज तुमच्या आवाक्यात आल्या आहेत. तीस हजारांत बऱ्यापैकी मिररलेस आणि वर एफ १.८ ची लेन्स बसवणं अवघड आहे. पुढे निकॉनचा मिररलेस घेतलात तर ही ३५ मिमी एफटीझेड अ‍ॅडाप्टरवर (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणाऱ्या तुकड्यावर) ऑटोफोकससह चालते, म्हणजे तो खर्च वाया जात नाही.

वापरलेला कॅमेरा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, ऑनलाइन तर नाहीच. जाताना स्वतःचं एसडी कार्ड आणि शक्य असेल तर लॅपटॉप न्या. निकॉनच्या मूळ जेपीईजी फाइलमध्ये शटर किती वेळा पडला त्याचा आकडा नोंदलेला असतो, फाइलची एक्झिफ (फोटोसोबत आपोआप नोंदली जाणारी) माहिती वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो दिसतो. या वर्गातल्या शटरचं आयुष्य साधारण १ लाख धरतात. आकडा २० हजारांच्या आत असेल तर उत्तम, ६० हजारांच्या पुढे असेल तर भाव निम्म्यावर आणा किंवा उठा. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत हा आकडा फोटोत नसतो, तिथे रबर, बटणांवरची झीज आणि बूड पाहून अंदाज बांधावा लागतो. लग्नाच्या हंगामात राबलेला कॅमेरा पट्ट्याच्या कड्यांवरूनही ओळखू येतो. हौसेने घेऊन कपाटात पडलेला शोधा, असे पुष्कळ असतात.

लेन्स हातात घेऊन मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि तिरप्या कोनातून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती फंगस आहे. कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स नको. दोन-चार धुळीचे कण मात्र चालतात. मग एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग काळ्या ठिपक्यांसारखे उठून दिसतील. ते साफ होतात, पण भाव करायला उपयोगी पडतात.

यापुढची चाचणी बहुतेक जण करत नाहीत, आणि प्राईम घेणाऱ्याने ती केलीच पाहिजे. वर्तमानपत्र टेबलावर सपाट ठेवा, तिरक्या कोनातून मधल्या एका ओळीवर मधल्या पॉइंटने फोकस करा आणि एफ १.८ ला पाच-सहा फोटो काढा. प्रत्येक वेळी तीच ओळ धारदार आली पाहिजे. पुढची किंवा मागची ओळ सातत्याने स्पष्ट येत असेल, तर ती बॉडी आणि ती लेन्स एकमेकांशी जुळत नाहीत. डी७००० सारख्या वरच्या मॉडेलांत हा फरक मेनूतून दुरुस्त करता येतो, डी५३०० मध्ये ती सोय नाही. म्हणून शक्यतो बॉडी आणि लेन्स एकाच दुकानात, एकमेकांवर लावून पाहून घ्या. मूळ बिल मागा, त्यावरचा नंबर बॉडीखालच्या नंबराशी ताडून पाहा, आणि बॅटरी फुगलेली नाही ना तेही.

कॅमेरा घरी आला की पहिले काही आठवडे फक्त तालमींना न्या. तालमीत तुम्हाला संहिता ठाऊक असते, कोण कुठे थांबणार, कुठल्या वाक्यानंतर श्वास घेणार, हे माहीत असतं. बाहेरून आलेल्या महागड्या कॅमेरावाल्याला हे कधीच मिळत नाही. वाक्य संपून नट क्षणभर स्थिरावतो तेव्हा शटर दाबा, १/१०० सुद्धा पुरतो. आणि ट्यूबलाइटखाली १/१०० वरच राहा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर त्याहून जलद केला की एक फोटो उजळ, दुसरा मळकट पिवळा असं होतं. काही स्वस्त एलईडींचाही हाच त्रास आहे.

प्रयोगाला मॅन्युअल मोड, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवायचे. मागचा काळा पडदा कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवतो, तो सगळं उजळायला जातो आणि नटाचा चेहरा पांढराफटक पडतो. रंगीत तालमीत प्रकाशयोजना पूर्ण लागते, तेव्हा चेहरा बघून आकडे ठरवा: एफ २ ते २.८, १/१६०, आयएसओ १६०० ते ३२०० पासून सुरुवात करा. दोन पात्रं पुढे-मागे उभी असतील तर एफ १.८ वर एकच स्पष्ट येईल, तिथे २.८ किंवा ४ वर जा. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्येच काढा. लाल-निळ्या प्रकाशात बिघडलेले रंग नंतर निकॉनच्या एनएक्स स्टुडिओत सुधारता येतात, तो मोफत आहे. फाइल वीस-पंचवीस एमबीची होते, म्हणून ६४ जीबीचं कार्ड घ्या.

लेन्सपुढे यूव्ही फिल्टर लावायला सांगतील. समोरून स्पॉट येत असताना त्याने फोटोत दिव्यांची भुतं उमटतात, प्रयोगाला काढून ठेवा. क्वाएट मोड लावा, त्यात बोट उचलेपर्यंत आरसा खाली येत नाही, म्हणजे खट्ट आवाज नटाच्या विरामात पडण्याऐवजी तुम्ही टाळ्यांपर्यंत ढकलू शकता. फोकससाठी लागणारा पुढचा छोटा दिवाही मेनूतून बंद करा, अंधारात तो थेट नटाच्या डोळ्यांत जातो. फ्लॅश अर्थातच नाही, आणि स्पर्धेच्या प्रयोगात फोटोला परवानगी आहे का ते आयोजकांना आधी विचारा.

दुकानदाराची फुकट बॅग घेतलीत तरी पावसाळ्यात कॅमेरा तिच्यात बंद ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. ट्रायपॉड सध्या नकोच. दुसऱ्या बॅटरीचे पैसे मात्र बाजूला काढा, कारण रंगीत तालीम वेळेवर सुरू होत नाही आणि वेळेवर संपतही नाही.

कॅमेरा पाहायला जाल तेव्हा शटरचा आकडा आणि त्या वर्तमानपत्राचा एक फोटो इथे टाका, पैसे देण्याआधी पाहून सांगतो.